नाव ठेवणे

ओउलूत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
जुन्या फोन-कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
हिल्का यादी करते आहे:
ॲपमध्ये आपलं किती आणि लोकांचं किती.

ॲप साधं. समुद्र गोठला की सांगतं
कुठे किती सेंटीमीटर बर्फ, गाडी घालावी का.
शुक्रवारी ते बाहेर पडायचं आहे
आणि यादी एकशे त्रेचाळीसवर गेली आहे.
तारखा मोजणारं कुणाचं, नकाशा सरकवणारं कुणाचं,
अक्षरं डावीकडून सुरू होतात की उजवीकडून
हे ओळखणारं हैफातल्या कुणा बाईचं.
बहुतेकांचं मागणं एवढंच:
वापर, मोड, विक, हवं ते कर,
फक्त या चार ओळी राहू दे
आणि नाव ठेव.

नावं ठेवणारे जन्मभर पाहिले तिने.
नाव ठेव म्हणणारे
एकगठ्ठा असे आजच भेटले.

एतू म्हणतो, "वाचतंय कोण?
सेटिंग्ज, मग 'आमच्याविषयी', मग पार तळाशी,
तिथवर अंगठा पोचत नाही कुणाचा."
"न पोचू दे," ती म्हणते, आणि टाइप करत राहते.

एक मात्र हट्टी निघालं,
आलेखाची निळी रेषा काढणारं.
त्याची अट: मला घालून जे शिजवशील
ते वाढताना कृतीही वाढ,
अख्खी, मसाल्यासकट.
कंपनीच्या पचनी ते पडेना.
मग हिल्काने ते उपसून काढलं
आणि रात्री बसून रेषा स्वतःच ओढली,
जराशी थरथरती.

उरल्या एकतीस ओळी.
बर्फाला पाडलेल्या दोन भोकांमधली जाडी
अंदाजणाऱ्या. सगळं ॲप त्यांच्यावर उभं.
वर परवाना नाही, अट नाही, नुसतं
'विल्हो राप्पाना, २००९, तपासायचंय'.
"मग तर मोकळंच की!" एतू.
"दार उघडं दिसलं म्हणून घर आपलं होतं का?
काही लिहिलं नाही
म्हणजे काही दिलं नाही."

पत्ता निघाला समोरच्याच बेटावरचा, हाइलुओतोचा.
बर्फाचा रस्ता खुला होऊन आठवडा झालेला.
इथे बर्फावर सीटबेल्ट सोडून ठेवतात,
खिडकी चार बोटं उघडी.
बेचाळीस, म्हणाला फोन.
ज्याची परवानगी नव्हती
त्याच्याच हिशेबावर भार टाकत
ती त्याच्याकडे परवानगी मागायला निघाली.

विल्हो जाळं दुरुस्त करत होता.
कागद त्याने चष्म्याजवळ नेला,
बराच वेळ तिथेच धरला.
"कारखान्याने घरी बसवलं तेव्हाचं हे.
हाताला काही हवं म्हणून."
मग पेन्सिलीने एकोणिसाव्या ओळीला टिचकी:
"इथे मी पाणी थांबलेलं धरलंय.
खालून नदीची ओढ असते, बर्फ आतून झिजतो.
दोन वर्षांनी लक्षात आलं."
"मग बदललं का नाही?"
"वापरतंय कोण, मला काय ठाऊक?
विचारायला तू पहिली आलीस."

दुरुस्तीची ओळ त्याने समासात लिहिली,
खाली परवानगीच्या चार ओळी, तारीख, सही.
"नाव ठेवू ना?"
"ठेव की. घरी बसलो तेव्हापासून
गाव ठेवतंच आहे."

परतताना गाडीतच तिने ती ओळ बदलली.
तोच रस्ता, तेच खांब.
छत्तीस, म्हणाला फोन.
हिल्काने खिडकी पूर्ण खाली केली
आणि पाय हलका ठेवला.

मार्चअखेर वापराचे आकडे आले.
त्या तळाच्या पानापर्यंत
अख्ख्या हिवाळ्यात एकच अंगठा पोचला होता,
रोज रात्री, नऊच्या सुमारास,
बेटावरून.
एतूला तो बिघाड वाटला.